प्लायच्या पट्ट्यांवर कॉलेजं मांडणारे परकार सर

नाय, हे मला कुणी लिवून दिलेलं नाय. माझ्या नातीनं पण नाय, ती इथं हायच कुठं? सातवीपर्यंत शिकलोय मी, त्यात सहावीत दोनदा बसलो, म्हंजे धरून आठवी झाली. गौरव समितीनं कागद पाठवला, सरांचं कार्य लिवा, सरांची मूल्यं लिवा, सरांचा स्नेह लिवा, प्रत्येकाला एकेक प्रसंग जोडा आणि भाषा शुद्ध ठेवा. शुद्ध भाषा पायजे होती तर दुसरा माणूस बघायचा. मी बाळाराम म्हात्रे, नेऱ्याचा. पनवेल-नेरे लाईनला सिक्स सीटर चालवली, गुडघे गेले तशी रिक्षा घेतली. जे बघितलं तेवढं सांगतो.

परकार सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. सर बोलतात सगळे, पण ते मास्तर कधीच नव्हते. एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनच्या खिडकीमागं त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर गरिबांच्या पोरांना कॉलेजच्या याद्या लावून द्यायला बसले, म्हंजे ॲडमिशनच्या फॉर्मात कुठलं कॉलेज वर लिवायचं, कुठलं खाली, ते. एवढंच त्यांचं कार्य. पण ते एवढंच काय असतं ते मला मागच्या जूनमध्ये समजलं.

माझी नात प्राची. बारावी झाली, सीईटी दिली, मार्क बरे पडले. किती बरे ते मला कळत नाय, शेजारी पेढे मागायला आले त्यावरून समजलो. तिला इलेक्ट्रिकलचं इंजिनिअर व्हायचंय. का, तर घरातला बंद पंखा तिनं खोलून परत बसवला आणि तो फिरला. तिचा बाप, माझा मुलगा सुनील, जासईला कंटेनरच्या यार्डात रोजावर हाय, कंटेनरचे नंबर उतरवून घेतो. काम असलं तर रोज, नसलं तर घरी. आमच्यात कॉलेजचं दार कुणी आतून बघितलेलं नाय. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक माणूस फाईल घेऊन घरी आला, बोलला, "काका, सीट पक्की करून देतो, टेन्शन घेऊ नका." त्याच दिवशी मला टेन्शन सुरू झालं. मग स्टँडवर कुणी बोललं, परकारांकडं जा, ते पैसे घेत नाहीत. पैसे घेत नाहीत म्हटल्यावर मला जास्तच संशय आला. तरी गेलो.

बाजारात सरांच्या भावाचं प्लायवूडचं दुकान हाय, त्याच्या मागं खोली. दोन पिंपांवर एक प्लाय आडवा टाकलेला, तेच टेबल. ना बोर्ड, ना हार घातलेला फोटो. हे मला पटलं. मी आत घुसलो आणि बोलायला लागलो. सरांनी हात वर केला.

"फॉर्म कुणाचा?"

"नातीचा."

"मग तिला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा."

"मी आजोबा हाय तिचा!"

"बाहेर पण आजोबाच राहाल. तिथे स्टूल आहे."

अशी आमची ओळख. एवढा अपमान माझा आरटीओनं पण केला नव्हता. पण मधली भिंत प्लायचीच, सगळं ऐकू येत होतं. सर तिला विचारत होते, घरात कमावतं कोण, आजारी कोण, रोज जाऊन-येऊन किती तास झेपतील. आणि पंखा खोललास तेव्हा मेन स्विच बंद केला होतास का? ती बोलली, हो. सर बोलले, "मग पुढे बोलू."

सरांची पद्धत सांगतो, कारण मोठ्या कागदावर कॉलेजांचे आकडे लिवणारे खूप असतील, हे असं दुसरीकडं कुठं नाय. दुकानात प्लाय कापला की बोटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात. सर त्या घासून ठेवतात. एका पट्टीवर एका कॉलेजचं नाव, पेन्सिलीनं. मागच्या बाजूला गेल्या वर्षी किती मार्कांना बंद झालं ते, फी, त्यातली माफ किती, हॉस्टेल मिळतं का, एसटी किती वाजता, आणि मेसच्या थाळीचा भाव. हे सगळं पोरांनी स्वतः फोन करून विचारायचं. मागची बाजू कोरी असेल तर ती पट्टी टेबलावर येणार नाय, कॉलेज कितीपण नावाजलेलं असू दे. प्राचीनं चार दिवस फोन केले. एका मेसवाल्या बाईंनी तिला भाव सांगितला आणि वर बोलल्या, "जेवायला ये की आधी, मग ठरव."

मग पट्ट्यांचे तीन गट करायचे. त्यांना सर चढ, सपाट आणि उतार बोलतात. चढ म्हंजे आपल्या मार्कांपेक्षा थोडी वरची कॉलेजं, लागलं तर लागलं. सपाट म्हंजे एवढ्या मार्कांवर गेल्या वर्षी मिळालेली. उतार म्हंजे बहुतेक मिळणारच, आणि परवडणारी.

"तिन्ही पाहिजेत," सर आत तिला सांगत होते. "नुसता चढ घेतलास तर गाडी मागे येते. नुसता उतार घेतलास तर..."

"ब्रेक तापतात," मी बाहेरून बोललो.

"बरोबर. आता परत गप्प बसा."

सरकारनं मुलींची फी माफ केलीय हे मला माहीत होतं, त्यामुळं मला वाटायचं सगळंच फुकट. सरांनी मला आत बोलवून फक्त तेवढं समजावलं. "म्हात्रे, शिकवणीची फी माफ आहे. बसची नाही, हॉस्टेलची नाही, डिपॉझिट नाही, जेवणाची तर नाहीच. आणि सरकारी यादीतून मिळालेल्या सीटलाच माफ. तो गळ्यात पट्टावाला जी पक्की सीट देतो ना, तिला नाही." माझ्या हातातला चहा तसाच थंड झाला. त्या माणसाला मी रविवारी परत ये बोललो होतो.

थाळीचा भाव कशाला, हे मी सरांना विचारलं. सर थोडा वेळ पट्टी घासत रायले. मग बोलले, आपटा गावचा एक पोरगा होता. हुशार, घरची तकलीफ. त्याची यादी सरांनी लावली होती, लांबचं चांगलं कॉलेज मिळालं, फी माफ, हॉस्टेल स्वस्त. मेसचं कुणी विचारलं नाय. पोरगा एक वेळ जेवून रायला आणि दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाय.

"आता कुठं हाय?"

"माहीत नाही. माझ्याशी बोलत नाही तो," सर बोलले. समोर पाच-सहा पोरं आणि त्यांचे आईबाप बसले होते, त्यांच्यासमोर बोलले. समितीनं मूल्यं लिवा सांगितलंय. स्वतःची चूक अशी उघड सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाय, मी स्वतः पण तसा नाय.

आणखी एक प्रसंग. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला पायजे होता, तो नसला तर माफी गेली. आमचा अर्ज अडकला. तहसील कचेरीच्या खिडकीवर मी असा ओरडलो की आतला पंखा थांबला असेल. सर बरोबर आले होते, त्यांनी मला दंड धरून बाजूला केलं. "म्हात्रे, उद्या येताना आवाज घरी ठेवून या." दुसऱ्या दिवशी सर परत आले आणि स्वतः लाईनीत उभे रायले. त्यांचं ते वय, आणि लाईन जिन्यापर्यंत. आतला साहेब त्यांना ओळखत होता, नमस्कार पण केला.

मी बोललो, "ओळख हाय ना तुमची? मग चला की पुढं."

"ओळख आहे म्हणून तर लाईनीत उभा आहे."

दाखला मिळाला. यादी लावून झाली, तेरा पट्ट्या, रबर लावून सरांनी प्राचीच्या हातात दिल्या. बोलले, घरी सगळ्यांना दाखव, पण क्रम बदलायचा तर तुझ्या मनानं बदल, बेटा.

आता माझी चूक सांगतो. ती मीच सांगायला पायजे.

यादीत वर एक मुंबईचं मोठं कॉलेज होतं, त्याच्या खाली घाटावरचं सरकारी कॉलेज, एसटीनं पूर्ण दिवस खाणारं. आमच्या घरापासून जवळचं, खाजगी, ते खाली नवव्या नंबरला. मी रात्रभर नाय, पण चांगला दिवसभर त्या पट्ट्यांकडं बघत होतो. पोरगी घाटावर एकटी. तिथं ताप आला तर कोण बघणार? आणि दुसरं डोक्यात बसलं ते स्टँडचं. स्टँडवर गाडी नंबरला लावली नाय तर पाशिंजर दुसरा घेऊन जातो. तसंच हे, मला वाटलं. जवळचं कॉलेज नवव्या नंबरला ठेवलं तर आपली पाळी येईपर्यंत ते भरून जाईल, आणि मुंबईचं पण नाय, घाटावरचं पण नाय, पोरगी घरी. म्हणून मी नववी पट्टी उचलून सगळ्यात वर ठेवली. प्राचीला बोललो, "असंच भर." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पट्ट्यांना परत रबर लावलं. सायबर कॅफेत जाऊन तसंच भरलं आणि लॉक केलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तिला घेऊन मी सरांना सांगायला गेलो. मोठ्या तोऱ्यात बोललो, "सर, जवळचं पयलं टाकलं. नंबर लागला आपला."

सर उभे रायले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "लॉक केलं?"

"केलं."

"म्हात्रे, पहिलं नाव मिळालं की नाही म्हणता येत नाही. तिथेच जावं लागतं, पुढच्या फेरीत बसता येत नाही. आणि हे तर तिला मिळणारच. वरचं सगळं आजच संपलं."

"पण खाली ठेवलं असतं तर भरून..."

"भरून जात नाही! नंबर मार्कांचा आहे, लिहिण्याचा नाही. तिच्यापेक्षा कमी मार्कवाला ते वर लिहून तिच्या पुढे जाऊ शकत नाही. हा तुमचा स्टँड नाही." मग प्राचीकडं वळून आवाज उतरवला. "तुला माहीत होतं ना बेटा?"

ती बोलली, "हो. पण आजोबा घाबरले होते."

 'रागावले होते' बोलली असती तर बरं झालं असतं.

पाच वाजता फॉर्म बंद होणार. लॉक उघडता येत होतं, पण त्याला ओटीपी लागतो आणि तो जातो सुनीलच्या मोबाईलवर, कारण घरात नीट मोबाईल तो एकच. आणि यार्डात मोबाईल चालत नाय, सकाळी गेटवर जमा करायचा, सुटल्यावर घ्यायचा. सव्वातीन झाले होते. सर बोलले, "प्राची, तू इथे बस. म्हात्रे, तुम्ही निघा. गेटवर पोचलात की मला फोन लावा. आणि ओरडू नका."

जासईचा रस्ता तुमाला माहीत हाय. ट्रेलरला ट्रेलर चिकटलेला. मी रिक्षा कडेनं, मातीतून, जिथून वाट दिसेल तिथून काढली. एक ड्रायव्हर ओरडला, "बाबा, मरायचंय का?" मी बोललो, "पाचनंतर."  उमेदीत नेऱ्याच्या खडीवर दरवाजे उघडे टाकून गाडी चालवलीय, पण अशी कधी चालवली नव्हती.

गेटवर गार्ड एक बाई होती. मी सगळं सांगितलं.

"काका, दुसऱ्याचा मोबाईल हातात देता येणार नाय. माझी नोकरी जाईल."

तोंडावर शिवी आली होती. सरांचा शब्द आठवला, गिळली. "देऊ नको बाय. नुसता काढून तुझ्या हातात धर, वर नंबर आला की वाचून दाखव."

तिनं विचार केला. "कपाटाची चावी सुपरवायझरकडं हाय. जेवायला गेलाय." चार वाजून गेलेले, जेवायला! तो आला तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. कपाट उघडलं तर आत पन्नासेक मोबाईल, सगळे काळे, सगळे सारखे. बाई बोलली, "वाजवा." मी सुनीलचा नंबर लावला. भजनाची रिंग वाजली, पण त्याच वेळी दुसऱ्या कुणाचे तरी फोन आले आणि तीन मोबाईल वाजायला लागले. "आता?" ती हसली, मला हसू येईना. तिनं तिन्ही उचलले, एकावर माझं नाव दिसत होतं, 'बाबा रिक्षा'. तोच.

सरांना फोन लावला. सर बोलले, "प्राची, पाठव." बाईच्या हातातला मोबाईल टुंग वाजला. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेली, मी फोनमध्ये बोलत गेलो, पलीकडं प्राची टाईप करत होती. "उघडला," ती बोलली.

मी फोन ठेवला नाय. सर पण विसरले असतील, किंवा विसरले नसतील. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. टेबलावर पट्ट्या टाकल्याचा आवाज आला.

"पहिली कुठली, बेटा?"

"सर, तुम्हीच सांगा."

"वेळ थोडा आहे, पण मी सांगणार नाही. तू सांग."

"मुंबईचं. मग घाटावरचं. पण सर... आजोबांना नको वाटतं."

"आजोबा फोनवर आहेत. ऐकतायत. त्यांनाच विचार."

गेटमधून कंटेनर आत चालला होता. बाई गार्डनं त्याला हात करून थांबवला, मला ऐकू यावं म्हणून. इंजिन पण बंद करायला लावलं. प्राची फोनवर आली आणि नुसतं "आजोबा" बोलली.

मी बोललो, "तुला पायजे ते टाक. आणि जल्दी टाक."

"तुम्हाला चालेल?"

"चालणार नाय. टाक."

मग सरांचा आवाज आला, "जवळचं काढू नकोस हां. ते नवव्याला राहू दे. वरचं काहीच नाही मिळालं तर पाय टेकायला जमीन पाहिजे." पाचला आठ मिनिटं असताना तिनं परत लॉक केलं. मी गेटवर खाली बसलो. बाईंनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं.

यादी लागायच्या आधीचे दिवस मी जेवलो नाय म्हटलं तरी चालेल. सर रोज संध्याकाळी फोन करायचे आणि विचारायचे, "म्हात्रे, जेवलात?" मी हो बोलायचो. ते बोलायचे, "खोटं." बाकी काय नाय, एवढंच बोलून ठेवून द्यायचे. स्नेहाचा प्रसंग पायजे होता ना, तो हा.

मुंबईचं मिळालं नाय. घाटावरचं सरकारी मिळालं, दुसऱ्या नंबरची पट्टी. जवळच्या कॉलेजला तिच्यापेक्षा बरेच कमी मार्क असलेली पोरं पण लागली, सरांनी यादीत बोट ठेवून दाखवलं. मला खिजवायला नाय, बाहेर स्टुलावर दुसरे एक आजोबा बसले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून.

आता प्राची तिथं हाय. हॉस्टेल मिळालं, मेस परवडते, भाव पट्टीवर लिवला होता त्यापेक्षा थोडा वाढलाय. पण सगळं चांगलं झालं असं लिवा कुणी सांगितलं तर मी लिवणार नाय. पयल्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर वाईट गेला. फोनवर रडली. मी तसाच उठून सरांकडं गेलो, विचारलं, सर, टिकेल ना पोरगी? दुसरा कुणी असता तर बोलला असता, टिकेल हो, काळजी करू नका. सर बोलले, "मला माहीत नाही. विषय राहिला तर परत देता येतो. एवढं माहीत आहे." मला राग आला. घरी येईपर्यंत समजलं की या माणसाचा शब्द मी का मानतो.

मला दुसरी पण काळजी हाय, समितीत कुणी तो विषय काढत नाय म्हणून मीच काढतो. पट्टी धरताना सरांचा हात हल्ली कापतो. शुगरची गोळी विसरतात. येत्या जूनला त्या खोलीबाहेर परत पोरं बसतील, नेऱ्याची, आपट्याची, उरणची. सरांच्या जागी बसायला तयार कोण हाय? हारांचे पैसे जमले, माणूस एकपण जमला नाय. तेव्हा सर, तुमाला खूप वर्षं पायजेत आणि ती धडधाकट पायजेत, असं मी मागतो, आणि ते तुमच्यासाठी कमी, आमच्यासाठी जास्त. गोळी जेवणाआधी घ्यायची, जेवणानंतर नाय. लाईनीत उभं रायचं असेल तर मला बोलवा, मी उभा राहीन. आवाज घरी ठेवून येईन.

समिती बोलते, कार्यक्रमाला नातीला बोलवा, दोन शब्द बोलेल. त्या दिवशी तिची परीक्षा हाय. सर बोलले, पेपर सोडून ती आली तर मी खुर्चीवर बसणार नाही. ती येणार नाय. गणिताचा निकाल अजून लागलेला नाय. लागेल तेव्हा लागेल, आणि तो काय लागला ते मला कुणी विचारू नये. मी सांगणार नाय, पेपर तिचा, तिलाच बोलू द्या. यापुढं मी काहीच बोलणार नाय.